फॉरमॅट मारायच्या आधी काय काय बघायचं?

या वेळी पत्रं काय, मेल काय, निम्म्याहून जास्त एकाच विषयावर आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून मशीन जरा अडकलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "फॉरमॅट मारून टाक ना एकदाचा." मारा, माझी ना नाही, पण मला येणारे रडवेले मेल बहुतेक सगळे फॉरमॅट मारून झाल्यानंतरचे असतात आणि तेव्हा माझ्या हातात काहीच उरलेलं नसतं. एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, वेगवान डिस्क) असेल तर विंडोज टाकणं आजकाल अर्ध्यापाऊण तासाचं काम आहे, डोकं लावायचं ते सगळं त्याच्या आधी. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : लॅपटॉप २०१८ चा आहे, विंडोज १०, रॅम ८ जीबी. चालू व्हायला इतका वेळ घेतो की मी बटण दाबून चहा ठेवायला जातो. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून ११ टाकून देतो. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, बाबा दुकानात जाऊ नका, नुसता रिसेट मारा. कोणाचं ऐकू? आणि मला स्वतःला जमेल का हो? (निवृत्त मुख्याध्यापक, वाई)

उत्तर : जमेल सर, पेनड्राइव्हवर नातवंडांचे फोटो कॉपी करता येत असतील तर हेही येतं.

मुलगा चुकीचं सांगत नाहीये. सेटिंगमध्ये रिकव्हरीत जाऊन "रिसेट धिस पीसी" केलं आणि "कीप माय फाईल्स" निवडलं तर फाईली राहतात, प्रोग्रॅम तेवढे उडतात. अपडेट अडकतंय, काहीतरी सेटिंग बिघडलंय, अशा वेळी ते पुरतं. पण रिसेट मारून १० चं १० च राहतं, ११ येत नाही, आणि व्हायरसचा संशय असेल किंवा विंडोजच इतकं खिळखिळं झालंय की रिसेट अर्ध्यात जाऊन परत येतो, तर मग पेनड्राइव्हवरून कोरं विंडोज टाकलेलं बरं.

पण या दोघांच्याही आधी एक बघा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कच्या खाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी ते वाचा. त्या काळातल्या कितीतरी लॅपटॉपमध्ये साधी फिरणारी हार्डडिस्क यायची, आणि चालू झाल्यावर बराच वेळ डिस्क १०० टक्क्यांवरच दिसत असेल तर तुमचा आजार विंडोजचा नाही, डिस्कचा आहे. त्यावर कितीही वेळा फॉरमॅट मारा, आठवडाभर बरं वाटेल आणि परत चहा ठेवायला जाल. एसएसडी बसवून घ्या, आणि खरी मजा इथे आहे, नवीन विंडोज त्या नव्या कोऱ्या एसएसडीवर टाकायचं म्हणजे जुन्या डिस्कवरचं काहीच पुसलं जात नाही. जुनी डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून घ्या, हवं तसं त्यातून निवांत कॉपी करत बसा, काही विसरलं असेल तर महिन्याने पण सापडेल. लोक बॅकअप बॅकअप करून घाबरतात त्यावर यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

आता ११ चालेल का ते. प्रोसेसरचं नाव बघा, आय५-८२५०यू असं काही असेल, म्हणजे डॅशनंतर ८ ने सुरू, तर आठवी जनरेशन, चालतं. आय५-७२००यू असेल तर सातवी, मायक्रोसॉफ्टच्या हिशोबात ते बसत नाही. २०१८ च्या लॅपटॉपात दोन्ही यायचे त्यामुळे वर्षावरून अंदाज बांधू नका. शिवाय टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, ते बऱ्याचदा मशीनमध्ये असतं पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद असतं. हे सगळं तपासून सांगणारं पीसी हेल्थ चेक नावाचं मायक्रोसॉफ्टचंच फुकट ॲप आहे, ते चालवा की झालं.

करायचं असं. मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोजचा पेनड्राइव्ह बनवून देणारं) घ्या, कमीत कमी ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा, त्यात असलेलं सगळं पुसलं जातं म्हणून रिकामाच घ्या, आणि पाचेक जीबी डाउनलोड होणार आहे तेव्हा मोबाईलच्या दीड जीबी रोजच्या पॅकवर हा उद्योग करू नका. याच वेळी लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून तुमच्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर (विंडोजला वायफाय चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) पण वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. मग मशीन बंद करून चालू करताना बूट मेनूची की दाबत राहायची, डेल आणि लेनोवोवर बहुतेक एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप, आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा. पुढे भाषा, कीबोर्ड विचारतं, विंडोजची लायसन्स की विचारतं (त्याबद्दल खाली लिहिलंय), आणि मग डिस्कची यादी येते. नवीन एसएसडी असेल तर एकच ओळ दिसेल, अनअलोकेटेड स्पेस, ती निवडून नेक्स्ट. पार्टिशन, म्हणजे डिस्कचे तुकडे, बनवत बसू नका, बारीकसारीक जी लागतात ती विंडोज स्वतः बनवतं. कॉपी झाल्यावर मशीन रिस्टार्ट होतं तेव्हा परत ती बूटची की दाबू नका, नाहीतर सेटअप पहिल्यापासून सुरू होतो आणि माणसाला वाटतं की अडकलं.

नंतर इंटरनेट मागतं. वायफाय दिसलंच नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा, बहुतेक वेळा ते लगेच पकडतं. आत गेल्यावर विंडोज अपडेट चालवा, रिस्टार्ट, परत चालवा, काही शिल्लक राहत नाही तोवर. निम्मे ड्रायव्हर तिथूनच येतात, उरलेले लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून. "तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणाऱ्या फुकट्या सॉफ्टवेअरच्या नादाला लागू नका, कोऱ्या मशीनवर पहिला कचरा तोच येतो.

प्रश्न : माझ्या सी ड्राइव्हमध्ये विंडोज आणि डी मध्ये लग्नापासूनचे सगळे फोटो आहेत. सी फॉरमॅट मारला तर डी ला काही होत नाही ना? (गृहिणी, नाशिक)

उत्तर : ताई, नियमाने होत नाही. पण "डी मध्ये आहे म्हणजे सेफ आहे" हा आपल्याकडचा फार जुना समज आणि त्याच्या भरवशावर मी तरी लग्नाचे फोटो ठेवणार नाही. सी आणि डी बहुतेक घरी एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात, डिस्क गेली तर दोन्ही जातात.

गडबड कुठे होते सांगते. सेटअपच्या डिस्कच्या यादीत सी, डी अशी अक्षरं दिसतच नाहीत. तिथे दिसतं डिस्क ० पार्टिशन १, पार्टिशन २, ३, ४, ५. त्यात १०० एमबीचा एक सिस्टीमचा, एक १६ एमबीचा, एक रिकव्हरीचा, आणि मोठे दोन. या मोठ्या दोघांत तुमचा डी कुठला हे तिथे उभं राहून आठवत बसायचं नसतं. म्हणून आधीच, विंडोज चालू असताना, स्टार्टवर राईट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी किती जीबी, डी किती जीबी हे कागदावर लिहा आणि मोबाईलने फोटो पण काढा. डी ला "फोटो" असं नाव देऊन टाका, कधीकधी ते नाव सेटअपमध्ये दिसतं. दोघांचा आकार सारखाच असेल तर एवढं पण पुरत नाही, तेव्हा आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी, मगच पुढे.

नवीन सेटअपमध्ये सुरुवातीलाच "फाईली, ॲप्स, सेटिंग सगळं डिलीट होईल, मान्य आहे" अशी टिक करायला लावतात, ती बघून बऱ्याच जणी घाबरून तिथेच थांबतात. त्या टिकने लगेच काही जात नाही, जातं ते पुढे पार्टिशन डिलीट केल्यावर. तिथे मात्र "खात्री आहे का" विचारतात तेव्हा हो म्हणलात की संपलं, रिसायकल बिन नसतो. आणि चुकून गेलंच तर त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नका, विंडोज पण टाकू नका, मशीन बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. हार्डडिस्क असेल तर पुष्कळदा परत मिळतं, एसएसडी असेल तर फार आशा ठेवू नका.

अजून एक, फोटो खरंच डी मध्येच आहेत का ते बघा. डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी मध्ये असतं. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाईन जागा) चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये सरकलेले असतात, आणि तिथे फुकट जागा ५ जीबीच, त्यापुढचं वर गेलेलं नसतं.

प्रश्न : फॉरमॅट मारल्यावर विंडोजची की परत विकत घ्यावी लागते का? इथे एक जण ५०० रुपयात देतो म्हणतो. (दुकानदार, लातूर)

उत्तर : बहुतेक नाही लागत. विंडोज ८ नंतर जे लॅपटॉप विंडोजसकट विकले गेले त्यांची की मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहिलेली असते, सेटअप ती स्वतः वाचतो आणि कधी विचारतही नाही. १० ॲक्टिवेट असलेल्या मशीनवर तीच एडिशन टाकली, म्हणजे होमच्या जागी होम, प्रोच्या जागी प्रो, तर "आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की" दाबून पुढे जा, नेट लागलं की आपोआप ॲक्टिवेट होतं, ११ टाकलं तरी. डिस्क बदलली तरी फरक पडत नाही, मदरबोर्ड बदलला तर पडतो.

फक्त आधी सेटिंगमध्ये ॲक्टिवेशन उघडून काय लिहिलंय ते वाचा. डिजिटल लायसन्स लिहिलं असेल तर निर्धास्त. पण घरच्या मशीनवर "युवर ऑर्गनायझेशन्स ॲक्टिवेशन सर्व्हिस" असं काही दिसलं तर समजा मागच्या वेळी कोणीतरी जुगाडाने ॲक्टिवेट करून दिलंय. खात्री करायची तर विंडोजची की आणि आर दाबून येणाऱ्या रनमध्ये एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश एक्सपीआर टाईप करा, खरं असेल तर "पर्मनंटली ॲक्टिवेटेड" येतं, त्या जुगाडात पुढची एक तारीख येते. तसं असेल तर फॉरमॅटनंतर ते परत येणार नाही. आणि ते ॲक्टिवेटर चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करा म्हणतात ना, त्यातच सगळं आलं. नवीन मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार आहात. ५०० वाल्या की चालतात कधीकधी, काही महिन्यांनी बंद पडल्या की तो माणूस फोन उचलत नाही, एवढंच सांगते.

प्रश्न : मी डीटीपीचं काम करते. श्रीलिपी, पेजमेकर, कोरल, आणि मिस्टरांचं टॅली एकाच मशीनवर. फॉरमॅट मारायची भीती वाटते. (कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे, आणि तुमच्या जागी मी असते तर नवीन एसएसडीवर टाकून जुनी डिस्क कपाटात ठेवली असती. तरी सांगते.

पहिलं फॉन्ट. सी मधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून सगळे कॉपी करून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. विंडोज १० मध्ये पुढे पुढे फॉन्ट फाईलवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केलेले फॉन्ट फक्त त्या युजरपुरते बसायला लागले, ते युजरच्या ॲपडेटात, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा आतल्या फोल्डरमध्ये लपून बसतात. लग्नपत्रिकेचे ते दहा खास फॉन्ट नेमके तिथे असतात. आणि युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं जुनं काम फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

श्रीलिपीचा डोंगल (लायसन्ससाठी यूएसबीत लावायचा तुकडा) जपून ठेवा आणि सेटअपची सीडी किंवा फाईल खरंच हाताशी आहे का ते आत्ता बघा, "असेल कुठेतरी" नको. पेजमेकरचं तर अजूनच, ७.० हीच त्याची शेवटची आवृत्ती, २००१ ची, तिचा सेटअप हरवला तर रीतसर कुठून आणणार? कोरलमधून साईन आऊट करून घ्या, लायसन्स जुन्या इन्स्टॉलवर अडकून राहायला नको. टॅलीत नुसता डेटाचा बॅकअप घेऊन भागत नाही, लायसन्सच्या मेनूत जाऊन ते सरेंडर करायचं, म्हणजे नव्या विंडोजवर परत घेता येतं. डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते टॅलीच दाखवतं, तो पूर्ण फोल्डर उचला आणि जमलं तर दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मिस्टर जीएसटी भरायला डिजिटल सिग्नेचरचा टोकन वापरत असतील तर त्याचा ड्रायव्हर पण घेऊन ठेवा, रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आठवड्यात तर हे काम काढूच नका.

प्रश्न : पेनड्राइव्हवरून बूट झालं, सगळं बरोबर, पण डिस्कच्या यादीत काहीच येत नाहीये!! लॅपटॉप दोन वर्षांचा आहे, एसएसडी खराब झाली का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : नाही रे, घाबरू नकोस. अकराव्या जनरेशनपासूनच्या इंटेल लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचा कंट्रोलर चालू असतो आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसला की डिस्क दिसतच नाही. दुसऱ्या मशीनवरून तुझ्या मॉडेलच्या सपोर्ट पेजवर जा, इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घे, आणि ती ईएक्सई तशीच टाकू नको, एक्स्ट्रॅक्ट करून आतल्या आयएनएफवाल्या फाईली पेनड्राइव्हवर ठेव. मग सेटअपमध्ये "लोड ड्रायव्हर" दाबून तो फोल्डर दाखव. बायोसमध्ये व्हीएमडी बंद केलं तरी डिस्क दिसते, पण मग जुनं विंडोज चालू होणार नाही, म्हणजे आतला डेटा काढून झाला असेल तरच तो रस्ता.

डेस्कटॉपवाल्यांसाठी जाता जाता, दोन डिस्क असतील तर ज्यावर टाकायचं नाही तिची केबल काढून ठेवा. नाहीतर विंडोज एका डिस्कवर आणि बूटच्या फाईली दुसरीवर असं होतं, आणि पुढे कधी ती दुसरी काढली की मशीन उठत नाही.

प्रश्न : बायोसमध्ये सिक्युअर बूटचं काहीतरी बदललं तर निळी स्क्रीन आली आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतेय. मी कधी काही लॉक केलंच नव्हतं! (ठाणे)

उत्तर : तुम्ही नाही, विंडोजने केलं. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप, आपोआप चालू होतं, ते बिटलॉकरच. कोणी येऊन सांगत नाही. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, मोबाईलवरून लॉगिन करून डिव्हाइसेसखाली शोधा, स्क्रीनवरच्या की आयडीशी जुळवून टाका. मशीन घेताना दुकानदाराने स्वतःच्या कुठल्यातरी अकाउंटने चालू करून दिलं असेल तर त्याला गाठा. की नसेल तर डेटा निघत नाही, कोणाकडेही नेलं तरी, पुसून नव्याने विंडोज टाकणं तेवढं होतं.

आणि हे बाकीच्यांनी पण वाचा. नाशिकच्या ताई, तुम्ही खास. एन्क्रिप्शन चालू असेल तर डी पण लॉक असू शकतो, सी वर नवीन विंडोज आलं की तो त्याची वेगळी की मागतो. तेव्हा आधी सेटिंगमध्ये शोधून एन्क्रिप्शन बंद करा, पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबा, मग फॉरमॅट.

प्रश्न : चौथ्या जनरेशनचा आय३, ४ जीबी रॅम. युट्यूबवर दाखवतात तसं जबरदस्तीने ११ टाकू का? काम म्हणजे ईमेल, वीजबिल, थोडं टायपिंग, प्रिंट. (सावंतवाडी)

उत्तर : टाकता येतं, रुफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवताना ती टीपीएमची अट काढायचा पर्याय असतो. पण अशा मशीनला अपडेट मिळतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ४ जीबीत ११ म्हणजे रोजची चिडचिड. मला विचाराल तर नको.

१० वरच थांबायचं तर मायक्रोसॉफ्ट अकाउंट लावून वाढीव सिक्युरिटी अपडेटला नाव नोंदवा, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे आहेत. नाहीतर तुमच्या कामाला विंडोजच्या जागी लिनक्स मिंट छान, एक्सएफसीई वाली हलकी आवृत्ती घ्या, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, ब्राउझर तेच, ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस, पैसे शून्य. पेनड्राइव्हवरून काहीही न पुसता चालवून बघता येतं, दोन दिवस तसंच वापरा, वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. प्रिंटर मुद्दाम म्हणते, कारण आपल्याकडे घरोघरी असलेला कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर बसवायला बरीच खटपट आहे, एचपीचे बहुतेक सुरळीत चालतात. जमलं तर एसएसडी आणि अजून ४ जीबी रॅम टाका, हेच मशीन अजून काही वर्षं ओढेल. आणि टॅली, श्रीलिपी असलं काही लागत असेल तर मिंटच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : नवीन विंडोज टाकल्यावर मराठी टायपिंग गेलं. आधी गूगलचं होतं, ते सापडत नाही. (परभणी)

उत्तर : गूगलचं ते विंडोजवर ऑफलाईन चालणारं टूल कधीच बंद झालं, कुठल्यातरी साईटवर मिळालं तरी घेऊ नका. सेटिंगमध्ये टाईम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी भाषा ॲड करा, तिच्या ऑप्शनमध्ये कीबोर्ड ॲड करताना "मराठी फोनेटिक" निवडा. नमस्कार इंग्रजीत लिहिता तसं टाईप केलं की मराठीत उमटतं. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड) येत असेल तर तोही तिथेच आहे. बदलायला विंडोजची की आणि स्पेसबार. इंग्रजी कीबोर्ड काढून टाकू नका मात्र, लॉगिनच्या पासवर्डला तो लागतो.